उपासनेतील शब्द आणि निनादाचे गणित

गायनवृंदाच्या शेजारी ठेवलेल्या मिक्सरवर एक छोटीशी कळ असते. ती फिरविली की पडद्यावर ‘रूम’, ‘हॉल’, ‘प्लेट’, ‘चर्च’, ‘कॅथेड्रल’ अशी नावे एकामागून एक उमटतात. या सोयीला रिव्हर्ब म्हणतात. आपण ख्रिस्तमंदिरात आहोत, तेव्हा ‘चर्च’ किंवा ‘कॅथेड्रल’ हेच नाव आपल्याला योग्य, अशी अनेकांची सहज समजूत होते. मात्र ती निवड केली की पहिल्या वाचनातील शब्द एकमेकांत मिसळू लागतात आणि शेवटच्या बाकावरील वृद्ध भाविकांपर्यंत केवळ घुमारा पोहोचतो. असे का होते, या नावांमागे कोणती गणिते आहेत आणि आपल्या धर्मग्रामाने त्यांतून काय निवडावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रतिध्वनी आणि निनाद

शाळेत आपण शिकलो आहोत की, २२ अंश सेल्सियस तापमानाला ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४४ मीटर वेगाने जातो. मूळ ध्वनी व परावर्तित ध्वनी यांत ०.१ सेकंदाचे अंतर पडले, तर आपल्याला दोन वेगळे ध्वनी ऐकू येतात. त्यासाठी समोरची भिंत किमान १७.२ मीटर दूर असावी लागते. हा झाला प्रतिध्वनी. विजापूरच्या गोल घुमटात एकदा काढलेला आवाज अनेकदा परत ऐकू येतो, तो याच प्रकारचा.

निनाद मात्र वेगळा. बंदिस्त वास्तूत ध्वनी भिंती, छत व फरशी यांवर आदळून हजारो वाटांनी आपल्या कानांशी येतो. ही परावर्तने इतकी दाट असतात की ती वेगवेगळी ओळखू येत नाहीत. मूळ आवाज थांबल्यावरही त्याची एक सलग शेपटी रेंगाळत राहते. नाशिककरांना याचा अनुभव त्रिरश्मी डोंगरावरील पांडवलेण्यांत घेता येतो. तेथील २४ लेण्यांपैकी १८ क्रमांकाचे लेणे हे एकमेव चैत्यगृह. कठीण दगडात कोरलेल्या अशा कमानदार दालनात एक स्वर लावला की तो थांबल्यानंतरही क्षणभर हवेत राहतो. दगडी भिंतींच्या व उंच छताच्या जुन्या ख्रिस्तमंदिरांतही हेच घडते.

निनाद मोजण्याचे शास्त्र अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे तरुण प्राध्यापक वॉलेस क्लेमंट सॅबिन यांनी घडविले. १८९५ साली विद्यापीठातील फॉग संग्रहालयाचे व्याख्यानगृह सुधारण्याचे काम त्यांच्याकडे आले. तेथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत असे. त्यामुळे व्याख्यान समजतच नसे. सॅबिन यांनी जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील बाकांवरच्या गाद्या रात्री आणून त्या थोड्या थोड्या मांडल्या आणि प्रत्येक वेळी निनादाचा काळ मोजला. त्यातून आजही वापरले जाणारे सूत्र निघाले : वास्तूचे घनफळ घनमीटरमध्ये घ्यावे, त्याला ०.१६१ ने गुणावे आणि एकूण ध्वनिशोषणाने भागावे. येणारे उत्तर म्हणजे आवाज ६० डेसिबलने, म्हणजे त्याची ऊर्जा दहा लाखांश होईपर्यंत, उतरण्यास लागणारे सेकंद.

एक उदाहरण घेऊ. ३० मीटर लांब, १२ मीटर रुंद व ९ मीटर उंच अशा ख्रिस्तमंदिराचे घनफळ ३,२४० घनमीटर होते. गुळगुळीत गिलावा व फरशी यांचे एकूण शोषण ९० चौरस मीटर धरले, तर रिकाम्या मंदिरात निनाद ५.८ सेकंद टिकेल. आता त्यात ३०० भाविक येऊन बसले आणि त्यांच्या शरीरांमुळे व कपड्यांमुळे आणखी १३५ चौरस मीटर शोषण वाढले असे मानू. तोच निनाद २.३ सेकंदांवर येतो. शनिवारी रिकाम्या मंदिरात केलेली गायनाची तालीम आणि रविवारची मिस्सा यांतला आवाज इतका वेगळा का भासतो, याचे उत्तर या भागाकारात आहे.

भाषेचा प्रश्न

लॅटिन एकसुरी गायन शतकानुशतके दगडी मंदिरांत वाढले. संथ चाल, लांबविलेले स्वर व एकच सूर यांमुळे दीर्घ निनाद त्या गायनाला पोषक ठरतो. आधीचा स्वर पुढच्या स्वराला आधार देतो. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान प्रसिद्ध केले आणि लोकभाषेतील उपासनेचा मार्ग खुला झाला. त्यानंतर भाविकांनी केवळ सूर नव्हे, तर शब्दही समजून घेणे अपेक्षित झाले.

मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते. ‘आहे’ की ‘नाही’, ‘करा’ की ‘करू नका’, हे वाक्य संपता संपताच कळते. नेमक्या याच ठिकाणी वाचकाचा आवाज उतरलेला असतो आणि आधीच्या दीर्घ स्वरांची शेपटी अजून घुमत असते. त्यामुळे निनाद वाढला की पहिला बळी जातो तो वाक्याच्या अर्थाचा. ज्यांची श्रवणशक्ती मंद झाली आहे किंवा जे श्रवणयंत्र वापरतात, त्यांची अडचण तर अधिकच मोठी असते. म्हणून रिव्हर्बची निवड ही केवळ संगीतप्रेमींच्या आवडीनिवडीची बाब राहत नाही.

यंत्रातील पहिली खोली

ध्वनिमुद्रणासाठी कृत्रिम निनाद निर्माण करण्याच्या जुन्या पद्धती साध्या होत्या. एका रिकाम्या, टणक भिंतींच्या खोलीत ध्वनिक्षेपक व मायक्रोफोन ठेवून तेथील घुमारा मूळ मुद्रणात मिसळला जाई. १९५७ साली जर्मनीच्या ईएमटी कंपनीने चौकटीत ताणून बसविलेल्या पोलादी पत्र्याचे यंत्र आणले. पत्रा ध्वनीने कंप पावे आणि त्याचा कंप निनादासारखा ऐकू येई. आजच्या मिक्सरवरील ‘प्लेट’ हे नाव या पत्र्यावरून आले आहे.

संगणकाद्वारे निनाद घडविण्याचा पाया जर्मनीत जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ मॅनफ्रेड श्रोडर यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६१-६२ च्या सुमारास घातला. त्यांची रचना दोन प्रकारच्या घटकांवर उभी आहे. पहिला घटक कोम फिल्टर. यात आवाज काही मिलिसेकंद रोखून धरला जातो, थोडा क्षीण करून पुन्हा आत सोडला जातो आणि असा तो फेऱ्या घालत राहतो. समजा एक फेरी ३० मिलिसेकंदांची आहे आणि आपल्याला २ सेकंदांचा निनाद हवा आहे. तर प्रत्येक फेरीला आवाजाची पातळी सुमारे ०.९० पट व्हावी लागते. जवळपास ६७ फेऱ्यांनंतर ती हजारांश होते, आणि तेच ६० डेसिबल. अशा फिल्टरमधून काही कंपने अधिक व काही कमी प्रमाणात बाहेर पडतात. त्यांचा आलेख कंगव्याच्या दातांसारखा दिसतो. कोम म्हणजे कंगवा.

दुसरा घटक ऑल-पास फिल्टर. तो सर्व कंपनांना सारख्याच जोराने जाऊ देतो, पण एका ठोक्याचे अनेक बारीक ठोके करून त्यांना काळात पसरवितो. श्रोडर यांनी साधारण ३० ते ४५ मिलिसेकंदांचे चार कोम फिल्टर समांतर जोडले आणि त्यांच्यापुढे दोन ऑल-पास फिल्टर एकामागे एक ठेवले. इतक्या थोड्या सामग्रीत एक संपूर्ण खोली उभी राहिली.

या रचनेचा दोष म्हणजे धातूसारखी झाक. टाळी, टाळ किंवा ढोलकीची थाप अशा तुटक आवाजांवर ती ‘टिणटिण’ स्वरूपात ऐकू येते, कारण आरंभी परावर्तने पुरेशी दाट नसतात. जेम्स मूरर यांनी १९७९ साली त्यात सुधारणा सुचविल्या. प्रत्यक्ष वास्तूत हवा आणि कापड तीव्र कंपने लवकर शोषून घेतात. म्हणून त्यांनी प्रत्येक फेरीत ती कंपने मवाळ करणारा फिल्टर घातला. याच वंशातील ‘फ्रीव्हर्ब’ ही आज्ञावली २००० सालच्या सुमारास ‘जेझर’ या नावाने वावरणाऱ्या रचनाकाराने सर्वांसाठी खुली केली. तिच्या प्रत्येक बाजूस आठ कोम व चार ऑल-पास फिल्टर असतात. अनेक गायनवृंद वापरतात त्या ‘ऑडॅसिटी’ या विनामूल्य आज्ञावलीतील रिव्हर्बही मुळात फ्रीव्हर्बवर आधारलेला आहे.

फिरता निनाद

दुसरी परंपरा व्यावसायिक ध्वनिमुद्रणगृहांत वाढली. १९७६ साली बॅरी ब्लेसर यांच्या सहकार्याने ईएमटी कंपनीने ‘२५०’ हे डिजिटल रिव्हर्ब यंत्र बाजारात आणले. १९७८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड ग्रीसिंगर यांनी रचलेले लेक्सिकॉन ‘२२४’ आले. लेक्सिकॉनच्या घराण्यातील रचनांत आवाज एका मोठ्या वळशात सोडला जातो. वाटेत ऑल-पास फिल्टर व विलंब येतात. फेरीगणिक ठोके दाट होत जातात आणि वळशाच्या निरनिराळ्या ठिकाणांहून डावा व उजवा आवाज काढून घेतला जातो. या प्रकारच्या रचनेचा तपशील जॉन डॅटोरो यांनी १९९७ साली लेखरूपाने प्रसिद्ध केला व तेव्हापासून ती अभ्यासकांना उपलब्ध झाली.

या रचनांतील विशेष युक्ती म्हणजे विलंबाचा काळ स्थिर न ठेवता अगदी किंचित हलता ठेवणे. त्यामुळे कोणतेही एक कंपन हट्टाने घुमत राहत नाही. धातूची झाक जाते आणि आवाजाला रेशमी पोत येतो. तिची किंमतही आहे. हार्मोनियम किंवा ऑर्गनचा एक स्वर लांबवर धरला, की शेपटीत सूर हलल्याचा भास होतो. समूहगायनात तो लपतो. एकट्या वाद्यात उघडा पडतो.

तिसरी रचना विलंबांच्या जाळ्याची. मायकेल गर्झन यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी तिची कल्पना मांडली. स्टॉटनर व पकेट यांनी १९८२ मध्ये आणि जाँ-मार्क जो यांनी १९९१ च्या सुमारास तिला पक्के रूप दिले. येथे अनेक विलंबवाहिन्या एकाच वेळी चालतात आणि प्रत्येकीतून बाहेर पडणारा आवाज संख्यांच्या एका चौकटीतून सर्व वाहिन्यांत पुन्हा वाटला जातो. ती चौकट अशी निवडतात की वाटपात ऊर्जा वाढतही नाही व घटतही नाही. आवाज किती क्षीण करावयाचा, हे मग वेगळे ठरविता येते. त्यामुळे खर्जाचा निनाद २ सेकंद व तीव्र कंपनांचा १ सेकंद, अशी नेमकी आखणी शक्य होते. पुढील काळातील अनेक रिव्हर्ब आज्ञावल्या या तत्त्वावर उभ्या आहेत.

वास्तूचा ठसा

वरील तिन्ही रचना काल्पनिक खोली उभारतात. चौथी पद्धत खऱ्या वास्तूचा ठसा घेते. रिकाम्या वास्तूत फुगा फोडावा किंवा ध्वनिक्षेपकातून खर्जापासून तारेपर्यंत चढत जाणारा स्वर वाजवावा आणि येणारा निनाद मुद्रित करावा. चढत्या स्वराची पद्धत इटलीचे अँजेलो फरिना यांनी २००० साली मांडली. या ठशाला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. मग कोणत्याही गायनावर त्याचे संस्करण केले की ते त्या वास्तूत गायिल्यासारखे ऐकू येते. या गणिती क्रियेचे नाव कॉन्व्होल्यूशन.

ही क्रिया जड आहे. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले, तर ३ सेकंदांच्या ठशात १,३२,३०० संख्या येतात. सरळ मार्गाने गेल्यास एका बाजूच्या आवाजासाठी दर सेकंदाला ५८३ कोटींहून अधिक गुणाकार करावे लागतील. विल्यम गार्डनर यांनी १९९५ मध्ये ठशाचे लहानमोठे तुकडे पाडून हे काम विलंबाशिवाय व थोडक्या श्रमात करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९९९ साली सोनी कंपनीचे या तत्त्वावरील यंत्र आले, आणि आज साधा संगणकही हे काम सहज करतो.

या पद्धतीचे मोठे उदाहरण इस्तंबूलच्या हागिया सोफियाचे आहे. ५३७ साली पूर्ण झालेले हे ख्रिस्तमंदिर १४५३ मध्ये मशीद, विसाव्या शतकात संग्रहालय आणि २०२० पासून पुन्हा मशीद झाले. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तेथे फुगे फोडून निनादाचा ठसा घेतला. त्याच्या आधारे ‘कॅपेला रोमाना’ या गायनवृंदाने अमेरिकेत बसून प्राचीन बायझंटाईन गायन सादर केले व २०१९ साली त्याची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली.

तीन कसोट्या

या चार पद्धतींची तुलना करावयाची असल्यास तीन साध्या कसोट्या पुरेशा आहेत. पहिली टाळी. श्रोडर यांच्या वंशातील रिव्हर्ब तेथे टिणटिणतो. वळशाचा व जाळ्याचा रिव्हर्ब पुरेशा वाहिन्या असल्यास दाट व सलग ऐकू येतो. ठशाचा रिव्हर्ब मूळ वास्तूशी प्रामाणिक राहतो. दुसरी कसोटी हार्मोनियमच्या लांब स्वराची. येथे हलत्या विलंबाचा रिव्हर्ब डगमगतो, फ्रीव्हर्ब स्वराला स्वतःचा रंग चढवितो, तर ठसा स्थिर राहतो. ठशाचा दोष असा की तो छायाचित्रासारखा गोठलेला असतो : एकाच जागी उभ्या गायकाचा व एकाच जागी बसलेल्या श्रोत्याचा.

तिसरी कसोटी वाचनाची, आणि ती सर्वांत कठोर. मूळ शब्दानंतर साधारण ५० मिलिसेकंदांच्या आत येणारी परावर्तने शब्दाला बळ देतात. त्यानंतरची दाट शेपटी पुढच्या शब्दावर पडते. म्हणून २-३ सेकंदांचा निनाद कितीही उत्तम रचनेचा असला, तरी वाचनात अडथळाच ठरतो. महाग यंत्र घेतल्याने हा नियम बदलत नाही.

धर्मग्रामाने काय करावे?

रिव्हर्ब म्हणजे एक जादा खोली. ज्या मंदिरात दगड, फरशी व उंच छताची खोली आधीच आहे, तेथे दुसरी जोडण्याचे कारण नाही. वाचकाच्या, धर्मगुरूंच्या व प्रवचनाच्या मायक्रोफोनवर रिव्हर्ब पूर्ण बंद असावा. गायनवृंदाला हवाच असल्यास दीड सेकंदाच्या आसपासचा ‘प्लेट’ किंवा ‘रूम’ थोड्या प्रमाणात द्यावा. मूळ आवाज व निनाद यांत २० ते ४० मिलिसेकंदांचे अंतर ठेवण्याची सोय असेल तर ती वापरावी. शब्दाचा आरंभ स्वच्छ राहतो. प्रमाण ठरविण्याची खूण अशी : रिव्हर्ब चालू असताना तो जाणवू नये, बंद केल्यावरच उणीव भासावी. हा निर्णय तालमीत नव्हे, भरलेल्या मंदिरात शेवटच्या बाकावर बसून घ्यावा.

मोकळ्या जागेतील उपासनेचा प्रश्न निराळा. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशू यात्रेला मोठा जनसमुदाय लोटतो. अशा वेळी मंदिराबाहेर लावलेल्या ध्वनिक्षेपकांत छताचा निनाद नसतो. पण पुढचा व मागचा ध्वनिक्षेपक ३४ मीटर अंतरावर असले, तर मागे बसलेल्यांना एकच शब्द ०.१ सेकंदाच्या फरकाने दोनदा ऐकू येतो. तेथे उपाय रिव्हर्ब नसून मागच्या ध्वनिक्षेपकाला तेवढाच विलंब देणे हा आहे.

ध्वनिमुद्रणात मात्र रिव्हर्बचे खरे स्थान आहे. २०२० च्या टाळेबंदीत अनेक ठिकाणी मिस्सा भ्रमणध्वनीवरून घरोघरी पोहोचल्या. तोंडाजवळच्या मायक्रोफोनमधून आलेला गायनाचा आवाज तेव्हा कोरडा व एकाकी वाटे. अशा गायनाला मोजका निनाद दिल्यास ते पुन्हा मंडळीत आल्यासारखे वाटते. नाताळ गीतांचे घरगुती मुद्रण करणाऱ्या युवकांनीही हे ध्यानात ठेवावे.

आपल्या मंदिराचा स्वर

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली. त्याच्या काही वर्षे आधी संशोधकांनी तेथील निनादाची मोजमापे करून ठेवली होती, म्हणून जीर्णोद्धाराच्या काळात पूर्वीच्या ध्वनीचा आधार उपलब्ध राहिला. डिसेंबर २०२४ मध्ये ते मंदिर पुन्हा खुले झाले. याउलट वसईच्या किल्ल्यात पाहा. १७३९ साली मराठ्यांनी किल्ला जिंकला आणि पोर्तुगीज अंमल संपला. छप्पर हरवलेल्या तेथील चर्चच्या भिंती आजही उभ्या आहेत. त्यांच्यात उभे राहून गायिले तर स्वर आकाशात निघून जातो. त्या मंदिरांत उपासना कशी ऐकू येत असे, ते आता ऐकता येत नाही.

आपल्याकडे मंदिरांची डागडुजी होते, नवी फरशी बसते, छताखाली दुसरे छत येते. प्रत्येक बदलाबरोबर वास्तूचा स्वर बदलतो. काम सुरू होण्यापूर्वी धर्मगुरूंच्या अनुमतीने एका शांत सकाळी पंखे बंद करावेत, वेदीजवळ पाच-सहा फुगे एकेक करून फोडावेत आणि मधल्या बाकांवर ठेवलेल्या चांगल्या ध्वनिमुद्रकावर त्यांचा निनाद टिपावा. आवाजाची पातळी आपोआप बदलण्याची सोय बंद ठेवावी आणि मुद्रण न आकुंचता जतन करावे. अर्ध्या तासाचे हे काम कोणत्याही गायनवृंदातील दोन युवक करू शकतात. त्यातून आपल्या पूर्वजांनी ज्या घुमाऱ्यात प्रार्थना केली तो पुढच्या पिढीसाठी राहील आणि भाविकांपर्यंत शब्द किती स्पष्ट पोहोचतो, हे मोजण्याचे साधनही धर्मग्रामाच्या हाती येईल.